ठरलेले शब्द आणि खरे मन

गोव्याच्या उत्तर टोकाला पेडणे तालुका आहे. तेरेखोलची नदी ओलांडली की पलीकडे सिंधुदुर्ग जिल्हा सुरू होतो. पेडण्याला लागून डिचोली तालुका; त्याची वेस दोडामार्गाला भिडते. हे दोन्ही तालुके पोर्तुगीजांच्या हाती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आले, म्हणून त्यांस 'नव्या काबिजादी'त गणतात. जुन्या काबिजादीत जशी देवळे मोडली गेली तसे येथे घडले नाही. गावचे देऊळ, गावकर, जत्रा आणि त्यांच्याबरोबर चालत आलेली बोलण्याची वळणे येथे टिकून राहिली. घरात कोंकणी, आणि पत्र, भजन, नाटक, वर्तमानपत्र मराठीत, असा येथील अनेक कुटुंबांचा पिढ्यान् पिढ्यांचा रिवाज. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतील कोंकणी ही राजभाषा ठरली व मराठीच्या वापरालाही मुभा राहिली.

या भागातील माणूस आपल्या घरून निरोप घेताना 'येतां' म्हणतो. आपणही 'येतो' म्हणतो. जाणारा मनुष्य 'येतो' म्हणतो, आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणीही त्यास खोटे ठरवीत नाही. उलट एखादा सरळपणे 'मी जातो' म्हणाला तर घरातील म्हातारी चपापते. तसेच, कोणी मदत केली तर कोंकणी मनुष्य 'देव बरें करूं' म्हणतो. म्हणजे देव तुझे बरे करो. दिवसातून दहा वेळा हे शब्द तोंडातून निघतात. त्या दहाही वेळा बोलणाऱ्याच्या मनात देव असतो काय? तो खरोखर प्रार्थना करीत असतो काय?

येथे एक प्रश्न उभा राहतो. जे शब्द आपण घडविले नाहीत, जे विचार करण्यापूर्वीच जिभेवर येतात, ते बोलणे खरे मानावे की पोकळ? हा प्रश्न आपल्या फार जवळचा आहे. दर रविवारी आपण प्रभूची प्रार्थना एकत्र म्हणतो, 'आमेन' म्हणतो, उपासनेनंतर एकमेकांस 'सलाम' किंवा 'जय ख्रिस्त' म्हणतो, आणि संडेस्कूलमध्ये मुलांकडून वचने पाठ करून घेतो. हे सारे ठरलेलेच शब्द आहेत. 'पाठांतरात मन नसते, मनापासूनचे बोलणे ते स्वतःच्या शब्दांतले', असे मानणारे पुष्कळजण आपल्या मंडळ्यांत आहेत. त्यांचे म्हणणे तपासून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम, आपण बोलतो कसे ते पाहू. आपली समजूत अशी असते की आपण एकेक शब्द निवडतो आणि विटेवर वीट ठेवावी तसे वाक्य रचतो. वस्तुतः तसे फार थोड्या वेळा घडते. मराठीत हाक मारतात, गप्पा मारतात, शपथ घेतात. वारा सुटतो, ऊन पडते. पाऊस मात्र देशावर पडतो आणि कोकणात लागतो. हे आपणांस कोणी व्याकरणातून शिकविलेले नाही. शब्दांच्या या जोड्या आपण सबंधच उचलल्या आहेत. परक्या मुलखातून आलेला मनुष्य 'मी गप्पा केल्या' म्हणतो. व्याकरणात चूक नसते, पण कान ओळखतो की हा आपल्यातला नव्हे. 'मीठभाकर' आपण म्हणतो, 'भाकरमीठ' म्हणत नाही. आणि आईने पानात भाकरी वाढली असता कोणी तिला 'धन्यवाद' म्हटले, तर शब्द चांगला असूनही ती दचकेल. कोणता शब्द कोठे बोलू नये, हेही त्याच गाठोड्यात बांधलेले असते.

भाषाशास्त्रज्ञांनीही याचा बारकाईने विचार केला आहे. पॉली व सायडर या दोघा अभ्यासकांनी १९८३ साली असे मांडले की, मातृभाषा बोलणाऱ्याच्या स्मरणात असे तयार वाक्यांश लाखांच्या संख्येने साठलेले असतात. म्हणूनच तो अडखळत नाही. पुढे अ‍ॅलिसन रे या विदुषींनी २००२ साली याच विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. वाचताना डोळे कसे सरकतात ते यंत्राने मोजण्याची सोय झाल्यावर इंग्रजीवर प्रयोग झाले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका प्रयोगात आढळले की, इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे ते लोक ओळखीचे वाक्प्रचार नव्या शब्दबंधापेक्षा लवकर वाचून जातात. इंग्रजी मागाहून शिकलेल्यांना मात्र तसा फायदा दिसला नाही. मातृभाषिक मनुष्य वाक्प्रचार उलगडून पाहत नाही. तो चेहरा ओळखावा तसा तो ओळखतो.

गोव्यातील जुनी मराठी पत्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांना हे चटकन पटेल. 'सा. न. वि. वि.' या चार अक्षरांत 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' एवढे सारे मावलेले असते. पुढे 'इकडील सर्व क्षेम' आणि शेवटी 'कळावे, लोभ असावा'. घरी कोंकणीत भांडणारे दोघे भाऊही पत्र लिहावयास बसले की हीच मराठी अक्षरे लिहीत. लिहिणाऱ्याने साष्टांग घातलेला नसतो हे वाचणारा जाणतो. पण ती चार अक्षरे गाळली असती, तर मात्र त्याने पत्र खाली ठेवून विचार केला असता की, दादाचे माझ्याविषयी काय बिनसले आहे?

मग अशा तयार शब्दांत मनुष्याचे स्वतःचे काही उरतच नाही काय? पेडणे-डिचोलीकडच्या गावजत्रांत होणारे दशावतारी नाटक पाहावे. रात्री उशिरा सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत चालतो, पण नटांच्या हाती लिहिलेली संहिता नसते. कथा काय ते आधी ठरते. संवाद रंगभूमीवरच उभे राहतात. हे साधते कसे? राजा दरबारात येऊन काय बोलतो, ऋषी कसा आशीर्वाद देतो, राक्षस कसे आव्हान देतो, याच्या ठेवणी नटाच्या जिभेवर मुरलेल्या असतात. त्यांच्या आधारावर तो उभा राहतो, म्हणूनच त्या रात्रीचा प्रेक्षक पाहून नवे काही बोलावयास त्याचे मन मोकळे असते. मिल्मन पॅरी या अमेरिकन विद्वानाने १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियातील अशिक्षित शाहिरांची हजारो ओळींची गीते ध्वनिमुद्रित केली, तेव्हा त्यासही हेच दिसले. त्याचे सहकारी अल्बर्ट लॉर्ड यांनी १९६० साली ते पुस्तकरूपाने मांडले. तयार शब्द म्हणजे कल्पकतेचा अभाव, ही समजूत तेव्हापासून मागे पडली.

येथे आपल्याकडील एक गोष्ट ध्यानात आणावी. आपण पाठ केलेल्या प्रार्थनेपेक्षा उत्स्फूर्त प्रार्थनेला अधिक मान देतो. परंतु घरोघरच्या प्रार्थना-सभेत नीट कान दिला तर काय ऐकू येते? आरंभी देवाला लावलेली तीच विशेषणे, मग आभार, मग आजारी व प्रवासी यांची आठवण, आणि शेवट नेहमीच्याच शब्दांत. एखाद्या वडील मंडळींची प्रार्थना आता कोठे वळणार हे शेजारच्या मुलालाही ठाऊक असते. यात हसण्याजोगे काही नाही. दशावतारी नटाचे जे आहे तेच आपलेही आहे. तेव्हा 'ठरलेले शब्द की स्वतःचे शब्द' असा वाद घालण्यात अर्थ नाही. ठरलेले शब्द सर्वांच्याच तोंडी आहेत. त्यांचे आपण काय करतो, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो.

त्याचे उत्तर शोधताना या भागातील आणखी एका रीतीकडे पाहावे लागते. ती म्हणजे गाऱ्हाणे. गावच्या कार्याच्या आरंभी लोक देवळापुढे जमतात. गुरव किंवा गावचा मानकरी उभा राहून गावाच्या वतीने मोठ्याने बोलू लागतो. संकट टळावे, पीकपाणी व्हावे, परगावी गेलेली मुले सुखरूप असावीत, रीतीत काही चुकले असेल तर पदरात घ्यावे, असे मागणे तुकड्यातुकड्याने पुढे जाते. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी जमलेले सारे एका सुरात म्हणतात, 'व्हय म्हाराजा'. शब्द ठरलेले, सूर ठरलेला. आपली श्रद्धा निराळी आहे आणि तो भेद झाकण्याचे कारण नाही. परंतु त्या 'व्हय' शब्दात काय घडते ते आपण शेजारधर्माने समजून घेतले, तर आपलाच 'आमेन' आपणांस अधिक कळेल. तेथे बोलणारा एकटा असतो, पण बोलणे एकट्याचे नसते. जो 'व्हय' म्हणतो तो त्या मागण्याखाली आपली सही करतो. मागच्या रांगेत एखादा तरुण जत्रेतल्या दुकानांचा विचार करीत 'व्हय' म्हणत असेल. आपल्या मागच्या बाकावरही तसे तरुण असतात, आणि पुढच्या बाकावरही तसे वडील असतात.

पवित्र शास्त्रात याच्याशी जुळणारा एक प्रसंग आहे. अनुवादाच्या सत्ताविसाव्या अध्यायात लेवी मोठ्याने एकेक शाप उच्चारतात आणि सर्व लोक 'आमेन' म्हणतात; असे बारा वेळा. शेजाऱ्याच्या शेताची खूण सरकविणारा, आंधळ्याला वाट चुकविणारा, परका, पोरका व विधवा यांचा न्याय बिघडविणारा, अशांवर ते शाप आहेत. आता कल्पना करावी की त्या जमावात असा एक मनुष्य उभा आहे, ज्याने आदल्या महिन्यात शेजाऱ्याच्या शेताचा दगड हातभर सरकविला आहे. सर्वांबरोबर त्यालाही 'आमेन' म्हणावे लागते. त्याला स्वतःच्या शब्दांत बोलण्याची मुभा असती, तर त्याने चोरी, खून, मूर्तिपूजा यांविषयी मोठ्या तळमळीने भाषण केले असते आणि दगडाचा विषय सोडून दिला असता. ठरलेले शब्द मात्र त्याला सोडीत नाहीत.

आमच्या मते ठरलेल्या शब्दांचे खरे मोल येथे आहे. स्वतःचे शब्द आपण आपल्या सोयीने निवडतो. जेथे दुखते तेथे आपली उत्स्फूर्तता हात लावीत नाही. ज्याच्याशी आपले वर्षभर बोलणे नाही त्याला क्षमा करण्याविषयी आपण घरच्या प्रार्थनेत किती वेळा बोलतो? परंतु प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत ते कलम आहेच. आणि प्रार्थना संपताच प्रभू त्याच एका कलमाकडे पुन्हा वळला, हे मत्तय ६:१४-१५ मध्ये दिसते. आपल्याला नको असलेले वाक्य आपल्याच तोंडून वदवून घेणे, हे काम पाठ केलेल्या शब्दांनीच होते.

तथापि याच अध्यायात, सातव्या वचनात, प्रभूने विदेशी लोकांसारखी व्यर्थ बडबड करू नका असे बजाविले आहे. मग याचा मेळ कसा घालावा? प्रभूने दोष दिला तो, पुष्कळ बोलल्याने देव ऐकतो या समजुतीला. त्याने शब्द पुन्हा उच्चारण्यास दोष दिला नाही. कारण गेथशेमाने बागेत त्याने स्वतः तिसऱ्यांदाही तेच शब्द बोलून प्रार्थना केली, असे मत्तय सांगतो. आणि वधस्तंभावर, जेथे प्रत्येक श्वास वेदनेचा होता, तेथे त्याच्या तोंडी आले ते बाविसाव्या व एकतिसाव्या स्तोत्रांतील शब्द; यहूदी घरांत मुखोद्गत असलेले शब्द. त्या घटकेला ते परक्याचे होते असे कोण म्हणेल?

आजारपणातही हे दिसते. इंग्लंडमधील वैद्य जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी एकोणिसाव्या शतकात नोंदविले की, मेंदूला इजा होऊन ज्यांची वाचा गेली आहे, अशा काहींना नवे वाक्य रचता येत नाही, परंतु सवयीचे उद्गार निघतात. असे रोगी अर्धांगानंतर पाणी मागू शकत नाहीत, पण पाठ असलेली प्रार्थना किंवा गीत दुसऱ्याबरोबर म्हणू लागतात, हा अनुभव डॉक्टरांना, परिचारिकांना व पाळकांना येतो. पाठांतराला तुच्छ लेखणाऱ्यांनी अशा खाटेजवळ बसून विचार करावा. बाकीचे सारे निसटून गेल्यावर जे जिभेवर राहते, ते कोणीतरी आधी, बालपणी, तेथे ठेवलेले असते.

इतके म्हटल्यावर दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ठरलेले शब्द आपल्याला पकडतात, तसेच ते आपल्याला लपवितातही. याकोब आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात अशा मनुष्याविषयी लिहितो, जो उघड्या व उपाशी भावाला निरोपाचे गोड शब्द बोलतो, ऊब व अन्न मिळो असे म्हणतो, आणि काहीच देत नाही. तो मनुष्य वाईट बोलला नाही. त्याचे शब्द सभ्य समाजात चालणारेच होते. शब्द बोलून झाले म्हणजे काम झाले, असे त्याला वाटले, एवढाच त्याचा अपराध. 'देव बरें करूं' म्हणून दार लावून घेणे ते हेच. दुःखाच्या घरी 'देवाची इच्छा' एवढे म्हणून चहा पिऊन उठणे तेही हेच. शोकात ठरलेले शब्द बोलूच नयेत असे आम्ही म्हणत नाही. ते नसते तर आपल्यातील अर्धेअधिक लोक संकोचाने त्या घरी गेलेच नसते. परंतु त्या घरी तेराव्या दिवसानंतर, महिन्यानंतर, मुलांच्या फीच्या वेळी, पुन्हा जाणे हे त्या शब्दांनी आपल्यावर टाकलेले ओझे आहे.

रूथच्या पुस्तकात या दोन्ही बाजू एकत्र येतात. बवाज शेतात येतो तेव्हा कापणाऱ्यांस परमेश्वराच्या नावाने अभिवादन करतो आणि तेही तसेच उत्तर देतात. हा रोजचा नमस्कार. मग तो परदेशी विधवा रूथ हिला आशीर्वाद देतो: ज्या देवाच्या पंखांखाली ती आश्रयास आली, तो तिला प्रतिफळ देवो. हेही धार्मिक मनुष्याच्या तोंडी शोभणारे, रुळलेले बोलणे. परंतु तिसऱ्या अध्यायात रूथ रात्री खळ्यावर जाऊन त्याला म्हणते की, तुझ्या वस्त्राचा पदर माझ्यावर पसर. इब्री भाषेत पंख आणि वस्त्राचा पदर यांना एकच शब्द आहे, 'कानाफ'. तिने त्याचाच शब्द त्याच्या हाती परत ठेवला. जणू ती म्हणाली, देवाच्या पंखांविषयी तू बोललास. आता ते पंख तू हो. आणि बवाज मागे हटला नाही. त्याने तिचे वतन सोडविले, तिच्याशी लग्न केले, आणि त्या घराण्यात पुढे दावीद जन्मला.

आपल्या नेहमीच्या शब्दांचे खरेखोटेपण असे ठरते. बोलताना मनात किती भावना उसळली यावरून ते मोजता येत नाही. भावना रोज सारखी नसते. कोणी तो शब्द आपल्यासमोर परत आणून ठेवला, तर आपण त्याला नाकारणार की 'व्हय' म्हणणार? जो 'व्हय' म्हणावयास तयार आहे त्याचा शब्द, तो हजारदा वापरलेला असला तरी, त्याचा स्वतःचाच आहे.

संडेस्कूलच्या शिक्षकांसाठी यातून दोन गोष्टी निघतात. पहिली ही की, मुलांना अर्थ पूर्ण कळण्याची वाट न पाहता शब्द द्यावेत. मूल भाषा शिकते तेही असेच. पुष्कळ वाक्ये ते आधी सबंध उचलते व मग हळूहळू त्यांची फोड करते. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीत रचलेले ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले आणि त्यांची कोंकणीतील प्रश्नोत्तरे १६२२ साली प्रसिद्ध झाली. लोकांच्या कानाला सवयीचा असलेला छंद आणि तोंडी बसणारी प्रश्नोत्तरे त्यांनी निवडली, ती उगाच नव्हे.

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. दिलेले शब्द अधूनमधून मुलांसमोर सोडून दाखविले पाहिजेत. प्रेषित पौलाने करिंथकरांस विचारले की, ज्याला तुमचे बोलणे कळलेच नाही तो त्यावर 'आमेन' कसा म्हणणार? तेव्हा एखाद्या रविवारी वर्गात संपूर्ण प्रार्थना न म्हणता तिचे एकच वाक्य घ्यावे आणि मुलांना विचारावे, 'हे तू खरेच मागितलेस, तर उद्या शाळेत तुला काय करावे लागेल?' एखादा मुलगा म्हणेल की, शेजारी बसणाऱ्याचे हिसकावून घेतलेले पेन्सिल परत द्यावे लागेल. एवढे झाले तर तो तास फुकट गेला नाही असे समजावे.

वाचकहो, येत्या रविवारी आपण पुन्हा तेच शब्द म्हणणार आहोत. ते नवे असावेत अशी अपेक्षा धरण्याचे कारण नाही. 'आमेन' म्हणण्यापूर्वी मात्र क्षणभर थांबावे आणि आपण कशाखाली सही करीत आहोत ते पाहून घ्यावे. कोणा भावाची क्षमा, कोणा विधवेचा हक्क, कोणा शेजाऱ्याच्या बांधाचा दगड त्यात आला असेल, तर सोमवारी सकाळी त्याच्या दारी जाण्याची तयारी ठेवूनच तो शब्द उच्चारावा.